मुलाबाळांचा रकाना

खटकचिंचोळी, ता. भालकी
१२ जून २०२३

श्री. सिद्धराम इरप्पा यांस,
मु. मादन हिप्परगा, ता. आळंद

नमस्कार.

पत्र बघून नवल वाटेल. नऊ वर्षं झाली, आपलं एक अक्षर बोलणं नाही. तुमचा जुना नंबर लावून बघितला, तो आता कुण्या परक्या माणसाकडं आहे. म्हणून लिहायलेय.

काम लहान आहे. २०१४ साली पंचांसमोर आपली काडीमोड झाली, तेव्हा बाँडवर दोन कागद केले होते. एक तुमच्या घरी गेला, एक आमच्या. आमचा पेटीत होता, त्याला वाळवी लागली. गुंडेराव पंचांच्या सहीचा कोपरा तेवढा राहिला आहे. तुमच्याकडच्या कागदाची झेरॉक्स काढून वरच्या पत्त्यावर पाठवा. आळंदच्या बाजाराला जाता तेव्हा होऊन जाईल. सोबत तिकीट लावलेलं पाकीट ठेवलं आहे.

कशाला पाहिजे ते विचारू नका. तुमच्या संसाराला माझ्याकडून काही उपद्रव होणार नाही.

तुमच्या आईला नमस्कार सांगावा वाटला तर सांगा.

तुळजा


८ जुलै २०२३

नमस्कार.

पहिलं पत्र रजिस्टर केलं होतं. पोचपावती परत आली, तिच्यावर सही ‘श्रीदेवी’. तुमच्या मंडळींनी घेतलं म्हणायचं. तुमच्यापर्यंत आलं की नाही कळायला मार्ग नाही, म्हणून पुन्हा तेच मागते. काडीमोडीच्या कागदाची झेरॉक्स.

कशाला, ते थोडं सांगते. माझ्या आधारवर अजून नवऱ्याच्या जागी तुमचंच नाव आहे. ते काढायचं तर सुटका झाल्याचा पुरावा मागतात. त्यात शाळेच्या दाखल्यावर मी तुळजाबाई, आधारवर तुळजा, आणि रेशनकार्डावर कन्नड लिहिणाऱ्यानं तुळजम्मा करून टाकलं. एका बाईच्या तीन बाया झाल्या. तिन्ही एकच आहेत असं बाँडवर लिहून द्यावं लागतं.

मी इथं शाळेत लेकरांच्या दुपारच्या जेवणाच्या, बिसीऊटाच्या स्वयंपाकाला आहे. दोनशे लेकरांचा भात-सांबार उरकून, भांडी घासून जीप धरून भालकीला पोचते, तोवर कचेरीची खिडकी बंद व्हायची वेळ झालेली असते. उद्या या म्हणतात. उद्या पुन्हा भात-सांबार.

अंगात बळ राहिलेलं नाही हो. एवढी झेरॉक्स पाठवा.

तुळजा


२ ऑगस्ट २०२३

नमस्कार.

दुसऱ्या पावतीवरही श्रीदेवीचीच सही. तेव्हा हे पत्र दोघांना.

श्रीदेवी, तू आधी वाचणार, तर वाच. आपण एकमेकींना कधी बघितलेलं नाही. तुझ्या नवऱ्यावर माझा हक्क नाही आणि मला तो नको आहे. मी आधारसाठी म्हणून लिहिलं ते खरं, पण अर्धं खरं. आता पुरतं लिहिते.

फेब्रुवारीत माझं दुसरं लग्न झालं. ते कमलनगरचे आहेत, सुनीलकुमार. पहिली बायको आजारात गेली, मूलबाळ नाही. आठ वर्षांपासून कॅनडात एका बेकरीत कामाला आहेत. माझा भाऊ अनिलकुमार त्यांच्या चुलतभावासोबत अडतीत असतो, त्याच्यामुळं जुळलं. लग्नानंतर ते बावीस दिवस राहिले आणि परत गेले. मला तिकडं न्यायचं तर त्यांनी तिथून अर्ज करायचा, मी इथून करायचा, आणि आमचं लग्न खोटं नाही, कॅनडाला जाण्यासाठी मांडलेला खेळ नाही, हे कागदांनी दाखवायचं. बावीस दिवसांचे फोटो किती असणार? लग्नातले आठ, बीदरच्या किल्ल्यातले तीन. फोनवर काय बोललो त्याचेही कागद काढून लावायचे आहेत. जेवलात का, जेवले. बर्फ पडला का, पडला. असली दोनशे पानं.

आधी आम्ही एका एजंटाकडं गेलो होतो, शहरात. त्यानं माझी हकीकत ऐकली आणि म्हणाला, “पहिलं लग्न लिहूच नका. कागद न्हाई, काही न्हाई. अविवाहित होते म्हणून लिहायचं. तिकडं कोण बघायलंय?” मी तिथूनच उठून आले. आता वकील नाही, एजंट नाही. सरकारच्या साइटवर सगळे फॉर्म आहेत, काय काय लावायचं त्याची यादी आहे. आमच्या हायस्कुलाचे निवृत्त हेडमास्तर गुरुपादय्या सर इंग्रजी वाचून दाखवतात, मी एकेक रकाना भरते. एका रकान्याला कधी चार दिवस लागतात.

त्यात एक रकाना असा, की आधी लग्न झालं होतं का, ते कधी आणि कसं मोडलं, पुरावा जोडा. तो पुरावा तुमच्या घरात आहे.

श्रीदेवी, बाई, एवढं कर. माझा फोन नंबर पाकिटावर लिहिला आहे.

तुळजा


२९ ऑगस्ट २०२३

नमस्कार.

परवा श्रीदेवीचा फोन आला होता. तुम्हाला सांगून केला की न सांगता, ते तिनं सांगितलं नाही. काय बोलणं झालं ते लिहिते, म्हणजे मागनं गैरसमज नको.

ती म्हणाली, “कागद हाय. पण माझा भाऊ म्हणायलाय, कागद दिला की ती पोटगी मागंल, न्हाईतर रानात वाटा मागंल.”

मी म्हणाले, “मागायचं असतं तर नऊ वर्षं कामून थांबले असते?”

“ते बी खरंच.” मग म्हणाली, “तुम्ही खरंच एवढ्या लांब जायलाव व्हय?”

“जाईन का न्हाई ठाऊक न्हाई. सध्या कागद भरायलेय.”

“भ्या वाटत न्हाई?”

“वाटायला वेळ कुठंय, बाई.”

ती हसली. संध्याकाळी तिनं फोनवर कागदाचा फोटो पाठवला. सगळं दिसतं. तुमची सही, माझी सही, गुंडेरावांची, तुमच्या अप्पांचा अंगठा. अप्पा वारल्याचं मला दोन वर्षांनी कळलं होतं. येता आलं नाही.

पण सरांनी कागद वाचला आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाले, “यव्वा, हा कागद आपल्याला पुरतो. परक्या देशाला पुरंल का, मला सांगता येत न्हाई. आपल्या समाजात ही रीत हाय आणि रीतीप्रमाणं हे मोडलं, असं कोर्टानं लिहून दिलं पायजे.” भालकीच्या कोर्टात गरिबाला मोफत वकील मिळतो, तिथल्या वकीलबाईंकडून तेवढ्यापुरता अर्ज केला आहे. त्यात तुम्हाला एकदा यावं लागेल. न्यायाधीशांनी विचारलं की ‘होय, मोडलं’ एवढं म्हणायचं. गुंडेरावांनाही साक्षीला आणावं लागेल. त्यांना ऐकू कमी येतं म्हणतात.

नोटीस येईल. घाबरू नका, आणि श्रीदेवीच्या भावालाही सांगा.

आणखी एक विचारायचं होतं. आज लिहवत नाही.

तुळजा


१८ ऑक्टोबर २०२३

तुम्हाला काय म्हणून लिहावं समजत नाही, म्हणून वर काही लिहीत नाही.

नोटीस घेतल्याचं वकीलबाईंनी सांगितलं. बरं झालं.

आता ते. फॉर्ममध्ये घरच्या माणसांचं एक पान आहे. आईबाप, भाऊबहीण, आणि मुलंबाळं. सर वाचत होते, मी सांगत होते. मुलाबाळांच्या रकान्याला आलो तेव्हा सर स्वतःच म्हणाले, “इथं ‘नाही’ लिहू.” मी मान हलवली. मग त्यांनी खालची बारीक ओळ वाचली आणि थांबले. सगळी मुलं लिहायची, जिवंत असोत की नसोत. नाव, जन्मतारीख, आणि नसेल तर कधी गेलं, कुठं गेलं.

सरांना आपल्या बाळाचं ठाऊक नव्हतं. ते सहज पुढं जायला निघाले होते. मीच म्हणाले, थांबा.

जन्मतारीख मला माहीत आहे. चार नोव्हेंबर दोन हजार बारा, रविवार, कलबुर्गीचा दवाखाना. पुढचं माहीत नाही. मला ताप चढला. बाळ बरं आहे म्हणून तुमच्या आईनं तिला गावाकडं नेलं. मी दवाखान्यात पडून. दूध यायचं, मी पिळून टाकायची. दिवाळीचे फटाके खिडकीतून ऐकू यायचे. भाऊबीजेला अनिलकुमार आला, त्यानं मला सांगितलं. तोवर सगळं होऊन गेलं होतं. अप्पांनी मातीला नेलं म्हणाला. मी कधी, म्हणून विचारलं नाही. मला वाटलं आजच. तेव्हापासून दर भाऊबीजेला मी उपास धरते. अनिलकुमारला वाटतं त्याच्यासाठी.

घरी आले तेव्हा कुणी बोललं नाही. तुम्ही बोलला नाहीत, मीही नाही. तुमची आई एकदाच बोलली, “हिच्या हाताला यश न्हाई.” मग दोन वर्षं आपण एका ताटलीत जेवलो आणि तिचं नाव काढलं नाही. काढायला नावच नव्हतं. बारशाला एक दिवस राहिला होता का दोन, तेही मला नीट ठाऊक नाही.

मला दोन गोष्टी पाहिजेत. ती कोणत्या दिवशी गेली. आणि घरात कुणी तिला काही नावानं हाक मारत होतं का.

रागावू नका. मला हे दुसऱ्या कुणाला विचारता येत नाही.

तुळजा


२४ नोव्हेंबर २०२३

तुमचं उत्तर नाही. नोटिशीला बांधलेला माणूस येईल, पण पत्राला बांधलेला नाही, हे मला समजतं.

तरी एक सांगायचं आहे, कारण पोरगी दोघांची होती आणि मी तिसऱ्या माणसाला सांगून टाकलं.

सुनीलकुमारांना माझ्या पहिल्या लग्नाचं ठाऊक होतं. बाळाचं नव्हतं. अनिलकुमार म्हणाला होता, “लग्न झाल्तं एवढं सांगितलं की. पुढचं कामून उकरायचं?” मीही गप्प बसले. पण त्यांचा फॉर्म वेगळा, माझा वेगळा, आणि दोन्ही जुळायला पाहिजेत. न सांगता भागणार नव्हतं. सकाळी सहाला त्यांचा फोन येतो, तिकडं आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. चुलीवर पाणी ठेवलं होतं. मी सांगून टाकलं. एका दमात, जसं आडत्याला माल किती ते सांगावं तसं.

त्यांच्या मागं बेकरीचं यंत्र चालू होतं, त्याचा आवाज येत राहिला. मग म्हणाले, “उद्या करतो.” उद्या केला नाही. परवाही केला नाही. मला वाटलं, सुटलं. खरं सांगते, जरा हलकंही वाटलं, की आता काही भरायचं नाही.

चौथ्या दिवशी फोन आला. रुसलेही नाहीत आणि समजूतही घातली नाही. विचारलं, “कुणावर गेली होती?”

अकरा वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. आणि मला सांगता येईना. मी तिला दीड दिवस बघितलं, तेही तापात. मी म्हणाले, “ठाऊक न्हाई.” ते म्हणाले, “ज्याला ठाऊक आहे त्याला विचार.”

म्हणून हे तिसरं. कोणत्या दिवशी गेली, नाव होतं का, आणि कुणावर गेली होती.

तारीख सहा फेब्रुवारीची लागली आहे, अकरा वाजता, भालकी. गुंडेरावांना सोबत आणा.

तुळजा


९ फेब्रुवारी २०२४

नमस्कार.

सगळे सुखरूप पोहोचलात असं श्रीदेवीनं कळवलं.

तुम्ही आलात, तेही चंद्रम्मा अक्कांना घेऊन, हे मला अपेक्षित नव्हतं. नणंदेला दहा वर्षांनी बघितलं. केस सगळे पांढरे झाले त्यांचे.

कोर्टात गुंडेरावांनी सगळ्यांचं भ्या घालवलं. न्यायाधीशांनी विचारलं, “ही काडीमोड तुमच्यासमोर झाली का?” तर ते एवढ्या मोठ्यानं ओरडले, “समोर म्हंजे? काडी मीच आणल्ती की, तुरीची!” शिपाईसुद्धा हसला. तुमची पाळी आली तेव्हा तुम्ही माझ्याकडं बघितलं नाही. “होय साहेब, मोडलं. दोघांच्या राजीखुशीनं,” म्हणालात. राजीखुशीनं हा शब्द वकीलबाईंनी शिकवला होता ना? मलाही तोच शिकवला होता.

बाहेर चहाला बसलो तेव्हा माझी पत्रं तुमच्या खिशात होती. सगळी, घडी घालून. तुम्ही ती टेबलावर ठेवलीत आणि खाली बघत म्हणालात, “मला लिहायला जमत न्हाई. म्हणून आलो.”

मी पत्रं बाजूला सरकवली. तुम्ही पुढं बोललात,

“लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. सकाळी. दिस उगवायच्या आधी. आई उठवायला गेली तर गार पडली हुती.”

“लक्ष्मीपूजन?” मी म्हणाले. “मला भाऊबीजेला सांगितलं.”

“तू आजारी हुतीस. कुणी सांगायला धजंना.”

अक्का पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. तुम्ही बशी हातात फिरवत होता. मग म्हणालात, “तुझ्या भावावर गेल्ती. अनिलकुमारावर. कपाळाला आठी पाडून झोपायची. अप्पा म्हणायचे, कुठल्या काळजीत हाय ही एवढी.”

एवढं एका जागी बसून तुम्ही माझ्याशी कधी बोलला नव्हता, लग्नातही नाही. तेव्हा बोलला असता तर काय झालं असतं, हा विचार मी आता करत नाही. त्यालाही बळ लागतं.

नाव विचारलं तर तुम्ही मान हलवलीत. “न्हाई. बारसंच झालं न्हाई.” आणि गुंडेरावांना बसमध्ये बसवायला उठून गेलात. तुम्ही गेल्यावर जे झालं ते तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून लिहायलेय.

चंद्रम्मा अक्का उठल्या आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, “नाव ठेवायचा मान आत्याचा असतो. मी त्या टायमाला झबलं-टोपडं शिवून ठेवल्तं. नाव बी ठरवल्तं. कुणाला बोलले न्हाई.” मग इकडंतिकडं बघितलं. चहावाला कप धुवायला गेला होता. बाळाच्या कानाशी तोंड नेतात तसं माझ्या कानाशी तोंड आणलं आणि नाव सांगितलं. मग पाठीवर हात ठेवला. बारशाला आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात, पण तिथं घालणारं कुणी नव्हतं.

इरम्मा. अप्पांच्या नावावरून.

सरांनी जुनं पंचांग काढलं. त्या सालचं लक्ष्मीपूजन तेरा नोव्हेंबर, मंगळवार. म्हणजे नऊ दिवस. मी अकरा वर्षं चुकीचा दिवस धरला.

रकाना भरताना मी सरांना विचारलं, “नाव आत्ता ठेवलं, हे खोटं तर होणार न्हाई?” सर बराच वेळ ओळ वाचत बसले. म्हणाले, “नाव काय ते विचारलंय, यव्वा. कधी ठेवलं ते न्हाई विचारलं.” मग त्यांनीच मोठ्या इंग्रजी अक्षरांत एका चिठ्ठीवर लिहून दिलं आणि मी बघून बघून भरलं.

जन्माचा दाखला नाही, मृत्यूचा नाही. एका वेगळ्या कागदावर सगळी हकीकत लिहून लावायची आहे. साक्षीला आत्या म्हणून चंद्रम्मा अक्कांचं नाव लिहू का, तेवढं विचारून कळवा.

तुळजा


२० ऑगस्ट २०२४

नमस्कार.

कोर्टाचा कागद एप्रिलात हातात आला. त्याचं इंग्रजी करून घेतलं. पोलिसांचा दाखला आणला. सगळं स्कॅन करून मे महिन्यात अर्ज पाठवला. तीनशे एकाहत्तर पानं. भालकीच्या ऑनलाइन सेंटरवाला म्हणाला, “अक्का, एवढ्यात तर माझं बीए झालं असतं.”

जुलैत अर्ज परत आला.

एका फॉर्मवर सुनीलकुमारांची सही राहिली होती. आणि दुसरा एक फॉर्म जुना होता, मधल्या काळात नवा निघाला. बाकी तीनशे साठ-एक पानं बरोबर होती, पण एक पान परत तर सगळीच परत. त्या दिवशी शाळेतून आले आणि चपला न काढता उंबऱ्यावर बसून राहिले. आई म्हणाली, “सोडून दे बाई. हितं काय वाईट हाय?” वाईट काहीच नाही. पण सोडून द्यायचं म्हटलं तरी कुणालातरी कळवावं लागतं, आणि मला आणखी एक पत्र लिहायचं नव्हतं.

सुनीलकुमार फोनवर म्हणाले, “माझी चूक. मी कामावरून येऊन झोपेत सह्या केल्या.” त्यांचा आवाज माझ्याइतकाच दमलेला होता. चौदा तास उभं राहून पाव भाजतात. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की हा माणूस माझा आहे. प्रेमाचा पुरावा जोडा म्हणतात, त्यात हे कसं जोडायचं?

नव्यानं भरून काल पुन्हा पाठवलं. चौकशीला कुणाचा फोन आला तर द्यायला तुमचा आताचा नंबर पाहिजे. श्रीदेवीच्या फोनवरून पाठवला तरी चालेल. तिच्या हाताला इळा लागला होता म्हणाली, आता बरं आहे का?

तुळजा


१४ जून २०२५

नमस्कार.

व्हिसा आला. पासपोर्ट परवा पोस्टानं घरी आला. सरांना दाखवायला गेले, त्यांनी पान उघडून दोनदा वाचलं आणि नुसते “हूं” म्हणाले. मग आतून साखर आणली.

मधल्या काळात काय झालं ते थोडक्यात. तब्येतीची तपासणी हैदराबादला झाली. मार्चमध्ये कॅनडाच्या ऑफिसातून पत्र आलं, की तुमच्या मुलीचा एकही दाखला नाही, खुलासा करा. मी अर्धं पान लिहिलं. बारसं न झालेलं, गावात घरीच गेलेलं नऊ दिवसांचं लेकरू आमच्याकडं कुठल्या वहीत जात नाही, असं लिहिलं. कोण होतं त्या वेळी, त्यांची नावं लिहिली. त्यावर काही उलट आलं नाही. मेमध्ये पासपोर्ट मागवला.

चंद्रम्मा अक्कांना फोन केला तेव्हा त्या रडल्या. तुम्ही मागून म्हणालात, “नीट जा म्हणावं.” ते मला ऐकू आलं.

आता एक कबूल करायचं आहे. पहिल्या वर्षी, तिसऱ्या पत्रात मी लिहिलं होतं, की एजंटानं खोटं लिहा म्हटलं आणि मी तिथूनच उठून आले. तसं झालं नव्हतं. मी सही केली होती. पहिलं लग्न नाही, मूल नाही, अविवाहित. सगळ्या रकान्यांत तसंच. तो फॉर्म चार दिवस त्याच्याकडं होता आणि त्या चार दिवसांत मी पोटभर जेवले, नीट झोपले. वाटलं, किती सोपं आहे. एका सहीत तुम्ही नाही, तुमची आई नाही, कलबुर्गी नाही, काहीच नाही.

परत घेतला तो काही पोरीसाठी म्हणून नव्हे. सरांनी सहज सांगितलं, की खोटं सापडलं तर पाच वर्षं तिकडं पाय ठेवता येत नाही. त्या भ्यानं परत घेतला. तुम्ही कोर्टाबाहेर अक्कांना म्हणालात ना, “हिनं पोरीला लपवलं न्हाई”? मी ऐकलं आणि गप्प बसले. तेव्हा सांगायला पाहिजे होतं. भ्यायले म्हणून खरं लिहिलं. नाव मिळालं ते मागनं, आणि ते मला मिळण्याइतकी मी चांगली होते असं नाही.

हे वाचून तुमचं माझ्याबद्दलचं मत बदललं तर बदलू द्या. लिहून मोकळी झाले.

आतापर्यंत प्रत्येक पत्रात काहीतरी मागितलं. ह्यात मागायचं काही नाही. श्रीदेवीला म्हणावं, पावतीवर सही करायचं तिचं काम संपलं. तिनं तो फोटो पाठवला नसता तर मी अजून भात शिजवत राहिले असते. तिकडं गेल्यावर काय करीन, ठाऊक नाही. सुनीलकुमार म्हणतात, आधी दोन महिने काही करू नको.

शाळेतलं काम गुरुवारी सोडलं. मोठं पातेलं घासून पालथं घातलं आणि किल्ली हेडबाईंच्या हातात दिली. काल दुपारी जेवून जरा आडवी झाले ती झोपलेच. आईनं उठवलं नाही. जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती, अंगणात आई शेंगा निवडत होती. उठून फोन बघितला, सवयीनं. कुणी काही मागितलं नव्हतं. पिशवीत कागद नव्हता, कुठं जीप धरायची नव्हती. मी आईसमोर जाऊन बसले आणि सुपातल्या थोड्या शेंगा माझ्याकडं ओढल्या.

तुळजा